पुढे ढकललं, माफ नाही झालं! लॉकडाऊनमध्ये घरभाडं, हप्ता आणि पीएफचं नेमकं काय झालं?

२५ मार्च २०२० ला देशात लॉकडाऊन लागलं. मुंबई-पुण्यातलं काम बंद पडलं आणि हजारो जण गाठोडं बांधून गावाकडे निघाले. त्या काळात सरकार आणि रिझर्व्ह बँकेने बऱ्याच सवलती जाहीर केल्या. पण 'सवलत' म्हणजे 'माफी' असं समजून अनेक जण फसले. कोणती सवलत नेमकी काय होती, ते समजून घेऊ.

घरभाडं

एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना दिली : भाडं किमान तीन महिने पुढे ढकला, थकलं म्हणून भाडेकरूला बाहेर काढू नका. यात भाडं माफ करा असं कुठेच नव्हतं. त्यामुळे खोलीला कुलूप लावून गावी आलेल्यांचं भाडं इकडे वाढतच राहिलं. काहींनी डिपॉझिटमधून वळतं करून घेतलं, काहींनी खोलीच सोडली.

काम

गावात आलेल्या हातांना मोठा आधार होता तो रोजगार हमीचा. केंद्राने २०२०-२१ साठी आधीच्या ६१,५०० कोटींवर आणखी ४०,००० कोटी रुपये दिले. महाराष्ट्रात मजुरी दिवसाला २३८ रुपये झाली. मात्र काम आपोआप मिळत नव्हतं. जॉबकार्ड काढून ग्रामपंचायतीत कामाची मागणी करावी लागे. वर्षानुवर्षं शहरात राहिलेल्या अनेकांकडे कार्डच नव्हतं.

बँकेचा हप्ता

सगळ्यात जास्त घोळ इथे झाला. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचे हप्ते पुढे ढकलायची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली. हप्ता थांबला, व्याज मात्र चालूच राहिलं.

साधा हिशोब बघा. १ लाखाचं कर्ज, व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ हजार. सहा महिने काहीच भरलं नाही, तर ६ हजार व्याज चढतं. त्यात व्याजावरचं व्याज धरलं की आणखी साधारण १५२ रुपये.

केंद्राने २ कोटींपर्यंतच्या ठरावीक कर्जांना परत दिले ते फक्त हे वरचे १५२ रुपये, ६ हजार नाहीत. पीककर्ज आणि ट्रॅक्टरचं कर्ज तर त्या योजनेत नव्हतंच. २३ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाने त्या सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज कुणाकडूनच घेऊ नका असं सांगितलं, पण पूर्ण व्याजमाफीला नकार दिला.

पीएफ

तीन महिन्यांचा पगार (मूळ वेतन आणि महागाई भत्ता) किंवा खात्यातल्या रकमेच्या ७५ टक्के, यातलं जे कमी असेल ते काढायची सोय झाली. ते परत भरायचं नव्हतं, हे खरं. पण पैसा आपलाच होता, म्हातारपणासाठी ठेवलेला. तेवढी पुंजी कमी झाली.

खरी मदत कोणती?

परत न करायची मदत वेगळी होती. रेशनवर माणशी ५ किलो मोफत धान्य आणि महिलांच्या जनधन खात्यात एप्रिल ते जून २०२० दरमहा ५०० रुपये.

पुन्हा अशी वेळ आली तर

• 'स्थगिती' हा शब्द दिसला की विचारा : व्याज चालू राहणार का? हप्ते किती महिने वाढणार?
• उत्तर तोंडी नको, लेखी घ्या. कर्जखात्याचा उतारा काढून बघा.
• थोडं जमत असेल तर निदान व्याज तरी भरत राहा.
• शहरात कामाला असलात तरी रेशनकार्ड, बँक खातं आणि पीएफची केवायसी चालू ठेवा. संकट आल्यावर कागद गोळा करायला वेळ मिळत नाही.