अंत्ययात्रा आणि वाहनचालकाचे कर्तव्य

रस्त्याने अंत्ययात्रा येताना दिसली, की आपल्याकडील वाटसरू कडेला सरतो व क्षणभर थांबून हात जोडतो. मृत व्यक्ती ओळखीची असो वा नसो, ही रीत तो पाळतो. परंतु मोटार चालविणाऱ्याने अशा वेळी काय करावे? अमेरिकेतील अनेक राज्यांनी याचे उत्तर कायद्यातच लिहून ठेवले आहे. त्यांपैकी फ्लॉरिडा राज्याचा कायदा पाहू.

तेथे शवपेटीच्या गाडीमागून आप्तेष्ट आपापल्या मोटारींतून दफनभूमीकडे जातात. चौकात तांबडा दिवा लागला, तर ही रांग तुटते. मागे राहिलेले वाट चुकतात, किंवा पुढच्यांना गाठण्याच्या घाईत अपघात ओढवून घेतात. म्हणून कायद्याने अशी तजवीज केली आहे, की अग्रभागीची गाडी नियमानुसार चौकात शिरली, म्हणजे मागाहून दिवा बदलला तरी उरलेल्या गाड्यांना तिच्या मागोमाग जाता येते. इतर वाहनांनी व पादचाऱ्यांनी त्यांना वाट द्यावयाची असते. ओळख पटावी म्हणून रांगेतील प्रत्येक गाडीचे दिवे लावलेले असावे लागतात. परक्या चालकाने रांगेत मध्येच घुसू नये, तसेच लवकर पोहोचण्याच्या लोभाने तिच्यात सामील होऊ नये, असेही बंधन आहे.

या सवलतीला मर्यादाही आहे. रांगेतील चालकाने सावधगिरी सोडता कामा नये. आणि भोंगा वाजवीत रुग्णवाहिका आली, तर अंत्ययात्रेनेही तिला वाट दिली पाहिजे. मृताचा मान राखावयाचा, पण जो अजून वाचू शकतो त्याचा प्राण आधी, हा विवेक त्यामागे आहे.

आपल्या देशात १९८९ च्या रस्त्याविषयीच्या नियमांनी मिरवणुकीजवळून जाताना ताशी २५ किलोमीटरहून अधिक वेग ठेवू नये, असे सांगितले होते. त्यांची जागा २०१७ मध्ये नव्या नियमांनी घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण हॉर्न वाजविणाऱ्यास पहिल्या अपराधाबद्दल १००० रुपये दंड ठरविला. परंतु येथे दंडाचे भय कशाला हवे? तिरडी खांद्यावर घेतलेल्या माणसांना चटकन बाजूला होता येत नाही, मागे वळून पाहताही येत नाही. मागील चालकाने वेग कमी करावा, अंतर राखावे व वाट मोकळी होईपर्यंत धीर धरावा.

विद्यार्थिमित्रांनो, आज आपण सायकलवर आहोत, उद्या मोटार चालवू. ही सवय आजपासूनच अंगी बाणवू या.