जुनी फटफटी घेताना

नवी मोटारसायकल घेणे सर्वांनाच परवडते असे नाही. चाकण-भोसरीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, पहाटे चार वाड्यांवरून दूध गोळा करणारा गवळी, तालुक्याच्या गावाहून डोंगरापलीकडच्या शाळेत जाणारा शिक्षक, यांना गाडी लागते ती हौसेसाठी नव्हे. एस. टी.ची वेळ आणि कामाची वेळ यांचा मेळ बसत नाही, म्हणून लागते. अशा माणसाला वीस-पंचवीस हजारांची जुनी गाडी हीसुद्धा मोठीच खरेदी असते. ती फसली तर तेवढे पैसे पुन्हा उभे करायला वर्ष जाते आणि मधल्या काळात कामाचे खाडे पडतात ते वेगळेच. तेव्हा आज आपण बोलणार आहोत ते मिरवण्याच्या गाड्यांविषयी नव्हे, तर शंभर-सव्वाशे सी. सी.च्या, रोज चाळीस-पन्नास किलोमीटर निमूटपणे चालणाऱ्या साध्या गाडीविषयी.

या साध्या गाडीचा थोडा पूर्वेतिहास सांगायला हवा, कारण तिच्या दुखण्यांचे मूळ त्यात आहे. १९८० च्या सुमाराला आपल्याकडच्या राजदूत, येझदी वगैरे बऱ्याच गाड्या दोन-स्ट्रोक इंजिनाच्या होत्या. त्यांच्या पेट्रोलमध्ये दर वेळी ऑइल मोजून मिसळावे लागे. म्हणजे इच्छा असो वा नसो, ऑइलची आठवण मालकाला पंपावर होतच असे. १९८५ साली हिरो होंडाची सी. डी. १०० ही चार-स्ट्रोकची गाडी आली आणि १९९४ साली तिच्या पाठोपाठ स्प्लेंडर आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची सी. डी. १०० ची इंग्रजी जाहिरात पुष्कळांना आठवत असेल. गाडी होतीही तशीच चिवट. परंतु मालकमंडळींनी त्यातले ‘विसरून जा’ जरा फारच मनावर घेतले! चार-स्ट्रोकच्या इंजिनात ऑइल तळाशी गुपचूप बसलेले असते. ते कमी झाले तरी गाडी चालते, काळे पडले तरी चालते, आणि बहुतेक साध्या गाड्यांना त्याची सूचना देणारा दिवाही नसतो. एके दिवशी आवाज येऊ लागतो, तेव्हा खर्च हजारांत गेलेला असतो.

म्हणून जुनी गाडी पाहायला जाताना एकच प्रश्न मनात धरावा : आधीचा मालक काय काय विसरलेला आहे? गाडी पुसूनपासून, रंग मारून झळकवता येते. विसर मात्र पुसता येत नाही.

गाडी पाहायची ती दिवसाउजेडी. आणि ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असे मालकाला आधीच सांगून ठेवावे. गेल्याबरोबर इंजिनाजवळ हात न्यावा. ऊब लागली तर समजावे की थंडपणी सुरू व्हायला गाडी कुरकुर करीत असावी. मग मधल्या स्टँडवर, सपाट जागी उभी करून ऑइलची पट्टी काढावी, पुसावी, पुन्हा घालून पाहावी. (पुष्कळ गाड्यांत ही पट्टी मोजताना पिळायची नसते, नुसती टेकवायची असते. कंपनीच्या पुस्तिकेत तसे लिहिलेले असते.) ऑइल काळे असले तर घाबरण्याचे कारण नाही, काम केलेले ऑइल काळे होणारच. पण ते डांबरासारखे दाट असेल, किंवा पट्टीच्या टोकालाही लागत नसेल, तर मालकाच्या तोंडी हिशेबावर फारसा विश्वास ठेवू नये. आणि ते चहासारखे दुधाळ दिसले, तर आत पाणी गेले आहे. तिथूनच नमस्कार करून परत फिरावे.

आता किक मारून सुरू करावी आणि सायलेन्सरकडे पाहावे. हिवाळ्यात पहिल्या मिनिटाला थोडी पांढरी वाफ येते, तिला काही अर्थ नाही. काळा धूर आला तर पेट्रोल जास्त जळते आहे. कार्बोरेटर किंवा हवेची जाळी साफ केली की बहुधा भागते. निळसर धूर मात्र ऑइल जळल्याचा असतो. थोडा वेळ नुसती चालू ठेवून एकदम मूठ पिळल्यावर निळा लोट येऊन थांबला, तर व्हॉल्व्हचे सील गेलेले असण्याचा संभव आहे. चालवताना, जोर देताना सतत निळा धूर राहिला, तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजला आहे. पहिला खर्च सोसण्यासारखा, दुसऱ्याचा अर्थ इंजिन उघडणे. धूर निघणाऱ्या गाडीचा मालक ‘कालच ऑइल थोडं जास्त भरलं हो’ असे हटकून सांगतो. ऐकून घ्यावे.

आवाजाच्या बाबतीत लोकांची उलटीच समजूत असते. वरच्या बाजूने येणारी हलकी टिकटिक ही टॅपेटची. ती पाऊण तासाच्या कामाने जाते. उलट टॅपेट इतके आवळलेले असले की आवाजच नाही, तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि कालांतराने जळतो. म्हणून जाणता मेकॅनिक म्हणतो की टॅपेट किंचित वाजलेले बरे. खालून खोल ‘ठकठक’ येत असेल तर ती बेअरिंगची, आणि ते काम महागाचे.

मीटरवरचा आकडा हा जुन्या गाडीतला सर्वांत कमी विश्वासाचा साक्षीदार. तार काढून ठेवली की मीटर थांबते आणि गाडी चालत राहते. त्यापेक्षा किकचे रबर, पाय ठेवायचे रबर आणि ब्रेकच्या पट्टीची झिजलेली कड पाहावी. मीटर अठरा हजार सांगते आणि ब्रेकची पट्टी चंदनाच्या सहाणेसारखी गुळगुळीत झाली आहे, हे जमायचे नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३२१८ असले तर टायर २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी इतका जुना टायर कडक होऊन पावसात घसरतो.

मग फेरी मारावी, आणि ती गल्लीतली नको, चढ-उताराची हवी. चढावर वरच्या गेअरमध्ये इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरकत नाही, तर क्लचच्या प्लेटा गेल्या. मोकळ्या सरळ रस्त्यावर सावकाश चालवताना हँडल एका अंगाला ओढू लागले, तर गाडी कधीतरी आपटलेली आहे. उतरून हँडलच्या मुळाशी, जिथे पुढचा चिमटा सांगाड्याला मिळतो, तिथला रंग तडकला आहे का, हँडल अडवणारा लोखंडी अडसर तुटला आहे का, हे पाहावे. वाकलेला सांगाडा ठोकून सरळ केलेला असला तरी अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये, असे माझे मत आहे. कोनसेट, शॉकॅब्सॉर्बरची सीलं, मागच्या चिमट्याचे बुश यांतले दोष पैशाने बरे होतात. त्यांचा हिशेब करून किंमत पाडून घ्यावी.

आपल्या महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली होत्या, हे आपण जाणताच. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावी विकल्या जाऊ शकतात. सीट काढून बॅटरीच्या खाचेत बोट फिरवावे. वाळलेला गाळ कोपऱ्यात राहतोच. हेडलाइटच्या आत तपकिरी रेघ आणि तारांच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला, तर काय ते समजावे.

इतके पाहून गाडी पसंत पडली, तरी इसार द्यायची घाई नको. खरी मेख कागदांत असते. नोंदणीपत्रावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या अंकांशी स्वतः ताडून पाहावा. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने छाप उठवून घ्यावा, पुढे लागतोच. अंकांच्या आसपास कानस मारल्याच्या खुणा असतील, तर ती गाडी चोरीची असू शकते. विमा कधीपर्यंत आहे, नोंदणीची मुदत किती, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. थकलेले ई-चलनाचे दंडही गाडीच्या नंबरावरून कळतात. आधीच्या मालकाने मोडलेल्या सिग्नलचे पैसे आपण का भरावेत? गाडी कर्जावर घेतलेली असेल, तर नोंदणीपत्रावर बँकेचा बोजा चढलेला असतो. तो उतरवण्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ लागतो. ‘कर्ज फिटलंय, पत्र नंतर देतो’ या ‘नंतर’वर पैसे देऊ नयेत.

नोंदणीची पहिली मुदत पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडीची तपासणी, पुनर्नोंदणी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर, असा खर्च येतो. चौदाव्या वर्षातली गाडी स्वस्त का मिळते, त्याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे : गाडी नावावर करून घेणे. नमुना २९ आणि ३० वर सह्या घेऊन लोक ते कागद ट्रंकेत ठेवून देतात आणि काम झाले असे समजतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे, राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. विमाही चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा लागतो, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते. हे नुसते कागदी सोपस्कार नव्हेत, बरं का. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे एक प्रकरण आले होते. एक मोटार एकामागून एक कितीतरी हात फिरली, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली आणि पुढे अपघात झाला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीवर नाव असलेल्या त्या पहिल्या मालकावरच ठेवली. तेव्हा जुनी फटफटी विकणाऱ्यानेही हे ध्यानात घ्यावे. गाडी दारातून गेली म्हणजे आपल्या गळ्यातून सुटली असे होत नाही. दोघांनी मिळून एक दिवस खाडा करून काम पुरे केलेले बरे. व्यवहाराची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या कराव्यात, म्हणजे त्या क्षणापूर्वीचे आणि नंतरचे कोणाचे, याबद्दल वाद राहत नाही.

गाडी घरी आली की आधीचा मालक ‘आत्ताच सर्व्हिसिंग केलंय’ म्हणाला असला तरी ऑइल काढून नवे घालावे. या छोट्या इंजिनात ते जेमतेम लिटरभर असते, आणि तेवढ्यावर इंजिन, गेअर आणि क्लच अशा तिघांचे काम चालते. म्हणूनच त्यात मोटारीचे ऑइल घालू नये. त्यातल्या निसरड्या मिश्रणाने क्लच घसरू लागतो. मोटारसायकलच्या ऑइलच्या डब्यावर ‘जासो एम. ए.’ असा शिक्का असतो, तो पाहून घ्यावे. पुढे कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या किलोमीटरांना बदलावे, आणि दर रविवारी पट्टी काढून पाहावी. दोन मिनिटांचे काम. त्याच वेळी टायरची हवा, चेनचा ताण आणि ब्रेकची तार पाहून होते. चेन खालच्या बाजूला मध्यावर बोटाने उचलली तर साधारण इंचभर हलावी. ताठ आवळलेली चेन बेअरिंग खाते. चक्राचे दाते एका अंगाला वाकून आकड्यासारखे झाले असतील, तर नुसती चेन न बदलता दोन्ही चक्रांसह सगळा संच बदलावा. जुन्या दात्यांवर नवी चेन टिकत नाही आणि पैसे दुबार जातात.

मागच्या ड्रम ब्रेकच्या कडेला पुष्कळ गाड्यांत एक छोटा बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपाशी पोचला की आतले पट्टे संपले. हा बाण ज्यांना ठाऊक आहे असे मालक मला फार थोडे भेटले!

शेवटी पेट्रोलविषयी. २०२५ सालापर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. रोज चालणाऱ्या गाडीला याचा फारसा उपद्रव नाही. पण पावसाळ्यात महिना-दीड महिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या अर्ध्या रिकाम्या टाकीत पाणी साठून गंज धरतो, आणि जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्याही लवकर ताठरतात. गाडी ठेवून जायची असेल तर टाकी भरून ठेवावी, आणि कार्बोरेटरची गाडी असेल तर कॉक बंद करून आतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्यावे. नळीला बारीक भेगा दिसल्या तर ती त्याच दिवशी बदलावी. ही नळी गरम इंजिनाच्या अगदी वर असते.