गावच्या लाइनची खबर

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी रामनवमीला इथे देशभरातून लाखो भाविक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इथे बंजारा विरासत नंगारा वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन झाले. यात्रा पांगते, पण गावाचे रोजचे काम थांबत नाही. सातबारा, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा, आधारची पडताळणी, सगळे ऑनलाइन झाले आहे. अशा गावात सेवा केंद्राच्या दारात 'नेट नाही' हे दोन शब्द ऐकून माणूस माघारी फिरतो, तेव्हा त्याची दिवसाची मजुरी बुडालेली असते.

या दोन शब्दांमागे निरनिराळी कारणे असू शकतात. वीज गेली असेल, रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली असेल, एखाद्या जोडात प्रकाश क्षीण झाला असेल, किंवा लाइन ठणठणीत असून पुढे गर्दी झाली असेल. यातले नेमके काय झाले, हे माणसांना कळण्याआधी बहुतेक वेळा यंत्रांना कळलेले असते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. तिच्या मूळ आखणीत तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ओएलटी नावाचे यंत्र आणि ग्रामपंचायतीत ओएनटी ही छोटी पेटी असते. ओएलटीच्या एका फायबरला वाटेत फाटे फोडून अनेक पेट्या जोडतात. सगळ्या एकदम बोलल्या तर संदेश एकमेकांत मिसळतील. म्हणून ओएलटी आधी प्रत्येक पेटीचे अंतर मोजते. फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटर जायला साधारण पाच मायक्रोसेकंद लागतात. त्या हिशेबाने प्रत्येकीला बोलण्याची वेळ ठरवून दिली जाते. आपल्याकडे किती डेटा पाठवायचा साचला आहे, हे पेटी कळवते आणि ओएलटी तिची पाळी लहानमोठी करते.

वीज गेली की पेटी लगेच गप्प होत नाही. आत उरलेल्या किंचित विजेवर ती एक शेवटचा निरोप पाठवते. तंत्रज्ञ त्याला 'डाइंग गॅस्प' म्हणतात. तो निरोप आला तर वीज गेली. निरोप न येता पेटी गप्प झाली, तर केबल तुटल्याची शंका आधी घ्यायची. लाइनमनने शिडी घेऊन निघायचे की वीज येण्याची वाट पाहायची, हे या निरोपावरून ठरवता येते. प्रकाशाचेही तसेच. अशा जाळ्याच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारात पेटीला उणे २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश पुरतो. आकडा रोज थोडा थोडा त्या मर्यादेकडे सरकत असेल, तर कुठला तरी जोड बिघडत चालला आहे, हे लाइन बंद पडण्याआधीच दिसते.

तालुक्याच्या पुढे मोठ्या शहरात इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा राउटर असतो. त्याला बीएनजी म्हणतात. ग्राहकाचा प्लॅन त्याला ठाऊक असतो, पण शेवटच्या टप्प्यातली लाइन प्रत्यक्षात किती वेग पेलते, ते आपोआप कळत नाही. धरणावरच्या माणसाला चारीची ताकद माहीत नसेल, तर तो दार उघडतो आणि पाणी वाटेतच फुटते. इथे फुटतो तो डेटा. तांब्याच्या तारेवर हा त्रास मोठा होता, कारण एक्स्चेंजपासून घर जितके लांब तितका वेग कमी. राउटर जास्त डेटा ढकलायचा, आणि वाटेतल्या यंत्राची जागा भरली की संभाषणाचा आवाज आणि सिनेमाची फाइल सारख्याच गळून पडायच्या.

यावर आयईटीएफ या जागतिक संस्थेने नियम लिहिला. त्याचे नाव एएनसीपी. तो आरएफसी ६३२० या क्रमांकाने प्रसिद्ध झाला तोही ऑक्टोबर २०११ मध्येच. लाइन सुरू झाली की एक्स्चेंजमधले यंत्र राउटरला 'पोर्ट अप' असा निरोप धाडते. त्यात लाइनची ओळख, तिचा प्रकार आणि दोन्ही दिशांचा प्रत्यक्ष वेग असतो. लाइन पडली की 'पोर्ट डाउन'. हे कळल्यावर राउटर आपल्याच दाराशी डेटा रोखून धरतो आणि आवाजाला आधी वाट देतो. मुंबई-पुण्यात कामाला गेलेल्या मुलाशी तांड्यावरची आई व्हिडिओ कॉलवर बोलत असते, तेव्हा या अग्रक्रमाचे मोल कळते. जून २०१३ मध्ये आरएफसी ६९३४ ने हीच पद्धत फायबरच्या जाळ्याला कशी लागू पडते, ते मांडले.

म्हणजे लाइनची खबर देण्याघेण्याची सोय तयार आहे. ती पेटीकडून ओएलटीकडे आणि तिथून शहरातल्या राउटरकडे जाऊ शकते. गावाकडे मात्र उलट येत नाही. फायबर पोहोचले याचा आकडा मोजला जातो. ते आज दुपारी दोन वाजता चालू होते का, हा प्रश्न सेवा केंद्राच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा आहे, आणि त्याचे उत्तर यंत्राच्या नोंदीत असते.

म्हणून मागणी साधी आहे. ग्रामपंचायतीच्या लाइनची स्थिती, प्रकाशाचा आकडा, बंद पडल्याची वेळ आणि कारण सरपंचाला आणि सेवा केंद्रचालकाला मोबाइलवर दिसले पाहिजे. तक्रार नोंदवताना पेटीवरचा कोणता दिवा लाल आहे, हे सांगावे आणि तक्रार मिटवताना कंपनीने कारण लेखी द्यावे. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत लाइन किती तास बंद होती, हा आकडा वाचला जावा. फायबर गावाच्या नावाने आले आहे, तर त्याच्या तब्येतीची नोंदही गावाच्या हाती असायला हवी.