उधाणात बुडणारा रस्ता: पैसा कुठून आणता येतो?

कोकणात खाडीकाठी उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की रस्ता पाण्याखाली जातो. ‘आमच्याकडे निधी नाही,’ असं ग्रामपंचायत सांगते. हे अर्धंच खरं आहे.

पहिला गैरसमज, सगळे रस्ते बांधकाम खात्याचे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर गावातले रस्ते ग्रामपंचायतीकडे असतात. निधी कोणाकडे मागायचा हे त्यावरच ठरतं. म्हणून आधी ग्रामपंचायतीचा नमुना 23, म्हणजे रस्त्यांची नोंदवही, उघडायला लावा. रस्ता कुठून कुठपर्यंत, लांबी-रुंदी किती, हे तिथे असतं. नोंदच नसेल तर प्रस्ताव पहिल्याच टेबलावर अडकतो. खारबंधाऱ्यावरच्या वाटेसाठी खारभूमी विभागालाही विचारावं लागतं.

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो: आपत्तीचा पैसा रस्ता वाहून गेल्यावरच मिळतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 48 मध्ये सौम्यीकरण निधीची, म्हणजे संकटाआधी करायच्या कामांच्या पैशाची, स्वतंत्र तरतूद आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021–26 साठी राज्यांच्या आपत्ती निधीतले 20 टक्के त्यासाठी राखले. हा निधी स्थानिक, छोट्या कामांसाठी आहे. समुद्रभिंतीसारखी मोठी बांधकामं त्यात बसत नाहीत. तेव्हा मागणी रस्त्याखालून पाणी जाऊ देणाऱ्या मोऱ्यांची करा. मोऱ्या न वाढवता नुसता रस्ता उंच केला की त्याचाच बांध होतो आणि पाणी वाडीत तुंबतं.

याच आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानात 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती. उरलेल्या अबंधित 40 टक्क्यांतून, गावाच्या विकास आराखड्यात काम असेल तर, रस्ता करता येत होता.

स्थानिक संस्थांना कर्ज काढता येत नाही, हेही चूक. स्थानिक प्राधिकरण कर्ज अधिनियम 1914 पासून आहे. शासनाची मंजुरी लागते. ग्रामपंचायतींसाठी जिल्हा ग्रामविकास निधीतून कर्जाची सोय आहे. पण उत्पन्न तुटपुंजं असेल तर कर्ज टाळलेलंच बरं.

आणि निधी मंजूर झाला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. किनारी बांधकामांवर बंधनं घालणारी सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचना, 2019 लागू आहेच, शिवाय उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने कांदळवनाभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे.

पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा नमुना 23 मागा, आणि मोऱ्यांचं काम आराखड्यात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.