नव्या मंडळीत ‘व्यक्तिगत सुवार्ता’ मागे का पडते, आणि ते मोजायचं कसं?

ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासावर किंवा समाजशास्त्रावर काम करायचं ठरवलं, की एक सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. नवी मंडळी सुरू करताना व्यक्तिगत सुवार्तेला प्राधान्य द्या. मिशनच्या जुन्या अहवालांत तो आहे, पाळकांसाठीच्या पुस्तकांत आहे, आजच्या प्रशिक्षण शिबिरांतही आहे. संशोधकासाठी यातली मजा वेगळीच आहे. ज्या गोष्टीला कुणाचाच विरोध नाही, ती गोष्ट दर पिढीला पुन्हा का सांगावी लागते? सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनी या प्रश्नापाशी थोडं थांबावं, कारण इथून एक चांगला संशोधन प्रश्न निघतो.

आधी शब्द स्पष्ट करू. मंडळी म्हणजे इमारत नव्हे, तर उपासनेसाठी नियमित एकत्र येणारे लोक. व्यक्तिगत सुवार्ता म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला समोरासमोर आपल्या विश्वासाबद्दल सांगणं. शेजाऱ्याला, मेहुण्याला, कामावरच्या सोबत्याला. बाजारातलं भाषण, पत्रकं वाटणं, शाळा किंवा दवाखाना चालवणं हे सगळं मिशनच्या कामात येतं, पण या व्याख्येत बसत नाही. व्याख्या इतकी अरुंद ठेवायची कारण सरळ आहे. सगळंच सुवार्ता म्हटलं तर मोजायला काही उरत नाही.

आता ती मागे का पडते? पहिलं कारण अगदी व्यवहारातलं. नवी मंडळी म्हणजे जागा शोधा, भाडं भरा, रविवारची तयारी करा, आजाऱ्याला भेटा, दोन कुटुंबांतलं भांडण मिटवा. यातलं एखादं काम राहिलं की तक्रार करणारा कुणीतरी असतोच. जो अजून आलेलाच नाही, तो ‘मला भेटायला कुणी आलं नाही’ अशी तक्रार कधीच करत नाही. त्यामुळे वेळ कमी पडला की कात्री नेमकी तिथेच लागते. कुणी ठरवून लावत नाही, लागते.

दुसरं कारण नात्यांचं आहे, आणि यावर चांगलं काम झालेलं आहे. जॉन लॉफलँड आणि रॉडनी स्टार्क यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत एका छोट्या नव्या धार्मिक गटाचा जवळून अभ्यास केला आणि १९६५ साली शोधनिबंध लिहिला. तो गट पारंपरिक अर्थाने ख्रिस्ती मंडळी नव्हता, दक्षिण कोरियातून आलेला युनिफिकेशन चर्चचा गट होता. पण त्यांना जे दिसलं ते पुढे कित्येक अभ्यासांत वापरलं गेलं. गटात येणारी माणसं बहुतेक वेळा आधी गटातल्या कुणाची तरी मित्र किंवा नातेवाईक झालेली होती. शिकवण पटणं नंतर आलं. विचारलं तर तीच माणसं पुढे सांगत, की शिकवण खरी वाटली म्हणून आलो. खोटं बोलत नव्हती. माणूस आपली गोष्ट अशीच सांगतो. मुलाखतींवर थिसिस उभा करणाऱ्यांनी हे वाक्य वहीत उतरवून ठेवावं.

पुढे स्टार्क आणि विल्यम बेनब्रिज यांनी १९८० साली मॉर्मन मिशनऱ्यांच्या नोंदी वापरून एक आकडा दिला. अनोळखी दारं ठोठावली तर साधारण हजारात एक माणूस सभासद होतो. पण पहिली भेट मॉर्मन मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या घरी झाली, तर निम्मे होतात. या ५० टक्क्यांवर लगेच उड्या मारू नका. मित्राच्या घरी मिशनऱ्याला भेटायला तयार होणारा माणूस आधीच अर्धी वाट चाललेला असतो. ही निवडीची पूर्वबाधा आहे, व्हायवाला हमखास विचारतात. तरी फरकाची दिशा पक्की आहे.

यावरून गणित असं होतं. नवा सभासद येतो तेव्हा त्याची बहुतेक नाती मंडळीबाहेर असतात. पाच-सात वर्षांत मित्र मंडळीतले, सोयरीक मंडळीतली, संध्याकाळही मंडळीतच. उत्साह तेवढाच आहे असं धरलं तरी सांगायला बाहेर कुणी उरत नाही. म्हणून मला वाटतं, ‘प्राधान्य’ हा शब्द संशोधनात फसवा आहे. तो मनाचा निश्चय सुचवतो. प्रश्न बऱ्याच वेळा निश्चयाचा नसून नात्यांच्या नकाशाचा असतो.

डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून मांडली. ते दमोहला जन्मले, मध्य भारतात मिशनरी म्हणून अनेक वर्षं राहिले. ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ हे त्यांचं पुस्तक १९५५ चं. विश्वास नात्यांच्या पुलांवरून जातो, आणि माणसाला त्याच्या लोकांतून उपटून मिशनच्या आवारात आणलं की पूल तुटतो, हा त्यातला मुद्दा. त्यांनी पुढे असंही दाखवलं की शिक्षण, नोकरी, स्वच्छ घर मिळाल्यावर सभासद आपल्याच जुन्या बिरादरीपासून वर सरकतो आणि दुरावतो. म्हणजे मिशनचं चांगलं कामच व्यक्तिगत सुवार्तेची वाट अरुंद करतं. मॅकगॅव्हरन यांच्यावर टीकाही भरपूर झाली, विशेषतः जातीच्या सीमा तशाच ठेवून मंडळ्या वाढवाव्यात असा त्यांच्या मांडणीचा अर्थ निघतो म्हणून. मला ती टीका रास्त वाटते. पण निरीक्षण आणि शिफारस वेगळी काढायला शिका, निरीक्षण टिकतं.

आता हे सगळं एका ठिकाणी लावून बघू. अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली अहमदनगरला केंद्र सुरू झालं. १८४२ साली इथूनच ‘ज्ञानोदय’ निघालं. शाळा होत्या, छापील मजकूर होता, व्याख्यानं होती. मंडळी मात्र सावकाश वाढत होती.

१८५४-५५ मध्ये बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजी शाळांवर पैसा आणि माणसं खर्च होत आहेत. लोकांच्या भाषेत सुवार्ता सांगा, गावोगाव छोट्या मंडळ्या उभ्या करा आणि त्या देशी पाळकांच्या हाती द्या. स्वतःचा कारभार पाहणारी, स्वतःचा खर्च भागवणारी आणि स्वतः वाढणारी मंडळी, हे सूत्र त्यांच्या आणि इंग्लंडच्या हेन्री व्हेन यांच्या नावावर आहे. १८५४ सालीच हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना अहमदनगरला पाळक म्हणून दीक्षा मिळाली.

वरवर पाहता ही प्राधान्य बदलल्याची स्वच्छ कहाणी आहे. पण नात्यांचा नकाशा पसरला की चित्र गुंतागुंतीचं होतं. हरिपंत आणि रामकृष्णपंत ब्राह्मण घरांतले. त्या काळी ब्राह्मण घरातल्या माणसाने बाप्तिस्मा घेतला की बहिष्कार; एका दिवसात जवळजवळ सगळी नाती तुटायची. मिशनच्या दृष्टीने हे मोठं यश होतं, पण त्या माणसाकडे आता जुन्या घरी परत जाऊन बोलायची सोय नव्हती. उलट पुढच्या काळात मंडळीत आलेल्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजातले. गावातला महार शेतकऱ्यासारखा एका शिवारात बांधलेला नव्हता. निरोप, सरकारी कामं, वेसकरकी यामुळे फिरणं होतं, आणि सोयरीक चार गावांत. बाप्तिस्म्यानंतर त्रास त्यालाही झाला, बलुत्याच्या हक्कांवरून तंटे झाले. तरी तो महारवाड्यातच राहत असेल तर पूल पूर्ण तुटत नव्हता. एकच मिशन, एकच उपदेश, आणि दोन अगदी वेगळी जाळी. अँडरसन यांच्या धोरणाला किती श्रेय आणि या जाळ्यांना किती, हे वेगळं काढणं हा माझ्या मते पीएचडीच्या तोडीचा प्रश्न आहे.

त्यात पगाराचा मुद्दा मिसळा. जो चांगला बोलतो त्याला मिशन उपदेशक म्हणून पगारावर घेतं, आणि हळूहळू सांगणं हे ‘त्याचं काम’ होतं. बाकीचे ऐकतात. चीनमधले मिशनरी जॉन नेव्हियस यांना हा धोका दिसला होता. नव्या ख्रिस्ती माणसाने होता त्याच धंद्यात, त्याच वस्तीत राहावं आणि तिथेच सांगावं, हा त्यांचा आग्रह; १८९० साली सोलला जाऊन त्यांनी कोरियातल्या तरुण मिशनऱ्यांपुढे तो मांडला आणि तिथे तो धोरण म्हणून स्वीकारला गेला. मराठी मुलखातला धागा नारायण वामन टिळकांचा. बरीच वर्षं मिशनच्या सेवेत काढल्यावर १९१७ साली ते त्यातून बाहेर पडले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही सामावणारा. मिशनची चौकट असताना जे नातं जुळत नव्हतं ते जुळवण्याची ती धडपड होती, असं मी वाचतो. १९१९ साली ते गेले, त्यामुळे प्रयोगाचा निकाल काय लागला असता ते सांगता येत नाही.

टिळकांवरूनच मोजणीची मुख्य अडचण कळते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि नवा करार हातात दिला. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली, मधल्या ताटातुटीची हकीकत ‘स्मृतिचित्रे’त आहेच. नोंदवहीत टिळकांच्या नावापुढे मुंबईची मंडळी दिसेल. डब्यातला तो प्रवासी कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. बाप्तिस्मा कुणी दिला हे लिहिलेलं असतं, पहिल्यांदा कुणी सांगितलं हे क्वचित. आणि ते सांगणारे बहुतेक वेळा देशी उपदेशक, बायबलबाया, कुणाची तरी चुलत बहीण असे असतात. अहवाल मिशनरी लिहितो, त्यामुळे कर्ता मिशनरी होतो. एखाद्या बाईने वीस वर्षं घरोघर फिरून काढली असतील आणि अहवालात ‘आमची एक बायबलबाई’ एवढंच असेल. तुमचा थिसिस तीच चूक पुन्हा छापू शकतो, किंवा नावं शोधू शकतो.

मग करायचं काय? सभासद वाढले एवढ्यावर थांबू नका. वाढ तीन वाटांनी होते: सभासदांच्या घरी मुलं झाली, दुसऱ्या मंडळीतून लोक दाखला घेऊन आले, किंवा बाहेरून नव्याने विश्वासात आले. नवी मंडळी जोरात वाढते तेव्हा अनेकदा ती शेजारच्या मंडळीचीच घट असते. जुनी रजिस्टरं असतील तर हे वेगळं काढता येतं, कारण काँग्रिगेशनल पद्धतीत दाखल्यावर आलेले आणि विश्वासाच्या कबुलीवर आलेले वेगळे लिहीत. त्यातही वर्ष बघा. १८७६-७८ आणि १८९६ ते १९०० या दुष्काळांत मदतकामं, अनाथगृहं वाढली. त्या वर्षांतली उडी व्यक्तिगत सुवार्तेच्या खात्यात टाकली तर गाइड पान फाडतील, आणि बरोबर करतील.

आजच्या मंडळीवर काम करत असाल तर ‘तुम्ही सुवार्तेला प्राधान्य देता का’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. मागच्या आठवड्यात मंडळीबाहेरच्या किती जणांबरोबर जेवलात, अडचणीत पहिला फोन कुणाला करता, तुम्हाला इथे पहिल्यांदा कोण घेऊन आलं, हे विचारा. सभासदत्वाचं वर्षही लिहून घ्या. नात्यांचं गणित बरोबर असेल तर जुन्या सभासदांची बाहेरची नाती कमी दिसायला हवीत आणि नवे लोक मुख्यतः अलीकडे आलेल्यांच्या ओळखीतून यायला हवेत. तसं दिसलं नाही तर उत्तम; गृहीतक चुकलं आणि लिहायला काहीतरी मिळालं.

पण थांबा, वरच्या प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न आपल्याकडे साधा नाही. संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्माच्या प्रसाराचा हक्क आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. ओडिशाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली याबाबत कायदे केले, नंतर इतर राज्यांनीही. अशा वातावरणात ‘कोण घेऊन आलं’ या रकान्यातलं नाव म्हणजे कुणाच्या तरी विरुद्ध कागद होऊ शकतो. तुमच्या लॅपटॉपवरची एक्सेल शीटसुद्धा. आणि उलट बाजूही आहे: ज्याला सांगितलं गेलं, त्याला ते नकोसं वाटलं असेल, दबाव वाटला असेल, तर तेही नोंदवायला जागा हवी. फक्त आलेल्यांच्या मुलाखती घेतल्या तर न आलेल्यांचं म्हणणं तुमच्या अभ्यासात कधीच येत नाही.

मी स्वतः नावांऐवजी फक्त नातं लिहितो: मामेभाऊ, शेजारीण, कामावरचा. गावाचं नाव तालुक्यापर्यंत आणतो आणि संकेतांची यादी डेटापासून वेगळी, कागदावर ठेवतो. संमतीपत्र मराठीत आणि एका पानाचं असावं; मुलाखतीनंतर आठवडाभराने पुन्हा विचारावं, की हे वापरू ना? काही जण तेव्हा नाही म्हणतात. त्यांची मुलाखत काढून टाकायची, कितीही चांगली असली तरी.