आमचं पाणी शहराला, आमचा कचरा कुणाला?

लग्न होऊन मी या भागात आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात घरची रीत सांगितली. सकाळी केर काढायचा, सुपलीत भरायचा आणि मागच्या ओढ्याकाठी टाकून यायचा. त्या केरात असायचं तरी काय? भाजीचे देठ, चुलीतली राख, अंगणातला पाचोळा. निम्मं कोंबड्या उकरायच्या, निम्मं पावसाळ्यात मातीला मिळायचं.

आज सासूबाई नाहीत, ओढा आहे. पण सुपलीतला केर बदलला. दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, बाळाचे डायपर. मग दारात घंटागाडी यायला लागली आणि मला हायसं वाटलं. गाडी वाजली की पिशवी टाकायची आणि आत येऊन चहा ठेवायचा. कचरा गेला! कुठं गेला, हे मात्र इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नाही.

ते मला कळलं एका शेळीमुळं. आमच्याकडे भांड्याला येणारी एक जण कातकरी पाड्यावर राहते. एके दिवशी उशिरा आली, डोळे सुजलेले. म्हणाली, "शेळी मेली वैनी. गाभण होती. पोट फाडलं तर निस्त्या पिशव्या." मी हळहळले. त्यावर ती अगदी साधेपणानं बोलून गेली, "तुमची गाडी आमच्या पाड्याच्या वरच्या अंगाला रिकामी होते नव्हं."

तुमची गाडी! तो शब्द दिवसभर डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मी पाड्यावर गेले. ढीग धुमसत होता. पोरं त्यात भंगार शोधत होती. आणि त्या ढिगात मला ओळखीचं काहीतरी दिसलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मीच आणलेल्या थर्माकोलच्या वाट्या. राज्यात २०१८ पासून बंदी आहे हे माहीत असूनही, 'धुवायची कटकट नको' म्हणून आणलेल्या. माझी कटकट वाचली होती, ती तिच्या दारात जाऊन पडली होती.

शहापूर आणि मुरबाडच्या बायकांना हे दुखणं नवीन नाही, फक्त आजवर आपण दुसऱ्या बाजूला होतो. १८९२ सालापासून तानसाचं पाणी मुंबईला जातं. भातसाचंही जातं. आपल्याच पाड्यांवर मात्र एप्रिल उजाडला की टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. 'शहराची सोय आणि गावाची गैरसोय' म्हणून आपण मोर्चे काढले. आणि आता आपलं गाव थोडं शहर व्हायला लागलं, तर आपणही तेच करतोय. आपली सोय, पाड्याची गैरसोय. त्यातही गंमत बघा. धरणातून सुटलेलं भातसाचं पाणी नदीतूनच पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून उचलून पांजरापूरला शुद्ध केलं जातं. म्हणजे वाटेतल्या ओढ्यानाल्यांच्या काठी आपण जे टाकू, त्याचा अंश या ना त्या रूपात सगळ्यांच्याच वाट्याला येणार.

आसनगाव, वासिंदला उतरून बघा, शेताच्या बांधावर सात-सात मजले उभे राहिलेत. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे. म्हणजे माणसं येणारच. घरं आधी येतात, कचऱ्याची जागा मात्र मागाहून शोधतात. मग सापडते ती कुणाची? ज्याचा आवाज लहान, त्याची.

कल्याणचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. आधारवाडीच्या ढिगाजवळून जाताना नाकाला पदर लावलेला आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. कचऱ्याची नीट व्यवस्था नाही म्हणून २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांनाच मनाई केली होती. पुढं २०२१ मध्ये तिथं कचरा टाकणं थांबलं. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी आला, तिथल्या विहिरी नासल्या आणि गावकऱ्यांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. मोठी शहरं चुकली ती आपल्यापुढं आहेत. आपण अजून लहान आहोत, एवढीच आपली जमेची बाजू.

आमच्या बचत गटातल्या बारा जणींनी ठरवलं, आधी हिशेब करू. आठ दिवस स्वयंपाकघरातल्या ताणकाट्यावर कचरा तोलला. घरातली मंडळी हसली. हसू दे! सरासरी निघाली घरटी दिवसाला एक किलोच्या आसपास, त्यातला निम्म्याहून जास्त ओला. आता चार हजार घरांचं गाव धरा. दिवसाला चार टन, वर्षाला जवळजवळ दीड हजार टन. वीस वर्षांत घरं दुप्पट झाली तर तीन हजार टन, तेही दरवर्षी. एवढं ठेवायला पाड्यामागची कुठली टेकडी पुरणार?

पण तोच हिशेब उलटा मांडून बघा. ओला कचरा परसात किंवा गल्लीतल्या खड्ड्यात जिरला, तर निम्म्याहून जास्त गाडीत चढतच नाही. कागद, बाटल्या, पत्रा भंगारात विकला जातो. उरतात डायपर, पॅड, फुटकी काच, झाडलोटीची माती. तेवढ्यापुरती जागा लागते. तीही कुठंही नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं होतं की अशी जागा वीस-पंचवीस वर्षं पुरेल अशी हवी. नदीपासून शंभर मीटर आणि तळं, वस्ती, पिण्याची विहीर यांच्यापासून दोनशे मीटर लांब हवी. नियम चांगले असतात. ते वाचून दाखवणारी बाई गावात हवी.

आणि हे जमतं बरं का. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्यात रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा डेपोचं रूप पालटलं. ओल्यापासून खत आणि बायोगॅस, सुक्याची प्रकारवार वर्गवारी, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात. लोक ती जागा बघायला जातात! पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. त्यातून पुढं 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली. तिथल्या बायका ओळखपत्र लावून दारोदार कचरा गोळा करतात. आपल्या पाड्यावरची पोरं धुरात जे वेचतात, तेच काम शेडखाली, हातमोजे घालून, मजुरीवर का होऊ नये?

हाच प्रश्न घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. "ताई, जागाच मिळत नाही हो," असं उत्तर मिळालं. मी म्हटलं, "इमारतींना मिळते की!" साहेब गप्प बसले. आम्ही अर्ज दिला. वर्गवारीची शेड, खताचे खड्डे, वजनकाटा, आणि पुढच्या पंचवीस वर्षांची जागा आराखड्यात आत्ताच राखून ठेवा, नदी आणि वस्ती सोडून. पोच घेतली. दर महिन्याला विचारायला जातो.

आमच्या गल्लीत आता दोन खड्डे आहेत. सुरुवातीला वास आला, अळ्या झाल्या, शेजारणी चिडल्या. वर सुका पाचोळा आणि माती टाकायची हे कळलं, मग निभावलं. पहिल्या खताची पाटी मोगऱ्याला घातली. हळदीकुंकवाला आता गटाच्या स्टीलच्या वाट्या फिरतात. धुवायला लागतात, धुतो.

परवा ती भांडी घासता घासता म्हणाली, "वैनी, गाडी अजून येते. पण थोडी कमी भरते." मी काय बोलणार? आनंद मानावा इतकं ते मोठं नाही, आणि सोडून द्यावं इतकं लहानही नाही.

मैत्रिणींनो, एक करा. उद्या घंटागाडी आली की पिशवी टाकून लगेच आत वळू नका. एकदा तिच्यामागं शेवटपर्यंत जाऊन या. आपला कचरा कुणाच्या दारात उतरतो, ते बघून या. पुढचं काय करायचं, ते मग कुणी सांगावं लागत नाही.