रक्तपरीक्षा आणि उपवास

“उद्यां सकाळीं उपाशी पोटीं या,” असें डॉक्टरांनीं सांगितलें कीं मराठी घरांत त्याचे दोन अर्थ होतात. कोणी एकादशीच्या सवयीनें साबुदाण्याची खिचडी खाऊन प्रयोगशाळेंत जातो. कोणी निर्जळी करून, पाण्याचा थेंबहि न घेतां रांगेंत बसतो. प्रयोगशाळेला यांपैकीं एकहि उपवास अभिप्रेत नसतो. साबुदाणा म्हणजे बहुतांशीं निव्वळ पिष्ट. पोटांत गेल्यावर त्याची साखरच होते. उलट साधें पाणी पिण्यास हरकत नाहीं. शरीरांत पुरेसें पाणी असलें म्हणजे शीर सांपडणेंहि सोपें जातें. वर्ज्य आहे तें अन्न, दूध, चहा, कॉफी आणि मद्य.

परंतु हा उपवास हवाच कशाला? अन्न पचूं लागलें म्हणजे त्यांतील साखर व चरबी रक्तांत उतरते. निरोगी माणसाची साखर दोन-तीन तासांत पूर्वपदावर येते. ट्रायग्लिसराइड नांवाची चरबी मात्र कित्येक तास चढलेली राहते. उपाशी पोटीं १०० मिलिलिटर रक्तद्रवांत १२६ मिलिग्रॅम वा अधिक साखर आढळल्यास मधुमेहाचा संशय घेतात आणि बहुधा पुन्हां परीक्षा करून निदान पक्कें करतात. हें माप किमान ८ तासांच्या उपवासासाठीं ठरविलेलें आहे. चहा घेऊन तें लावणें म्हणजे पायांत जोडे ठेवून उंची मोजण्यासारखेंच होय.

सर्वच परीक्षांना मात्र हा नियम लागू नाहीं. हिमोग्लोबिन, रक्तपेशींची गणती, थायरॉइड यांसाठीं सामान्यतः उपाशी राहण्याचें कारण नसतें. मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी ‘एचबीएवनसी’ ही परीक्षा तर जेवणानंतरहि करतां येते.

कोलेस्टेरॉलच्या बाबतींत मत पालटलें आहे. घातक मानलें जाणारें ‘एलडीएल’ कोलेस्टेरॉल प्रत्यक्ष न मोजतां गणितानें काढण्याची रीत १९७२ सालीं फ्रीडवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांडली. त्या गणितांत ट्रायग्लिसराइडचा आंकडा लागतो, आणि जेवणानें तो वाढतो. त्यामुळें रात्रभर उपवासाचा दंडक दृढ झाला. परंतु नेहमींच्या जेवणानंतर हा आंकडा सरासरीनें सुमारें २६ मिलिग्रॅमच चढतो, एलडीएल सुमारें ८ मिलिग्रॅम उतरतें, असें दिसून आल्यावर २०१६ सालीं युरोपांतील तज्ज्ञांच्या दोन संस्थांनीं नित्याच्या तपासणीसाठीं उपवासाची आवश्यकता नाहीं, असा संयुक्त अभिप्राय दिला. ट्रायग्लिसराइड ४०० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास मात्र उपाशी पोटीं पुन्हां परीक्षा करणें इष्ट ठरतें.

अनावश्यक उपवासानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. निरोगी तरुणाचें फारसें बिघडत नाहीं. परंतु इन्सुलिन घेणारा वा साखर उतरविणाऱ्या कांहीं विशिष्ट गोळ्या घेणारा वृद्ध नित्याप्रमाणें सकाळचें औषध घेतो, न्याहारी मात्र टाळतो आणि रांगेंत तासभर तिष्ठतो. औषध आपलें काम करीत राहतें. त्याला पुरविण्यास अन्न नसतें. मग घाम सुटतो, हात कांपूं लागतात, छाती धडधडते, बोलणें असंबद्ध होतें. क्वचित् शुद्धहि हरपते. माणूस शुद्धीवर असून गिळूं शकत असल्यास त्यास तात्काळ साखरेचें पाणी वा ग्लूकोज द्यावें. परीक्षा बिघडेल म्हणून थांबूं नये. परीक्षा दुसऱ्या दिवशीं करतां येते. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत कांहीं न घालतां त्वरित वैद्यकीय मदत मिळवावी.

म्हणून चिठ्ठी हातीं पडतांच तीन गोष्टी विचारून घ्याव्या: या परीक्षेस उपवास लागतो काय, किती तासांचा, आणि सकाळचें औषध घ्यावें कीं मागें ठेवावें. औषधाचा निर्णय घरच्या घरीं करूं नये. उपवास लागत असेल तर सकाळची पहिली वेळ घ्यावी, रात्रीचें जेवण नेहमींसारखेंच ठेवावें आणि बरोबर खाऊचा डबा न्यावा. रक्त दिल्याबरोबर तो उघडावा.